घशाशी आलेला थेंब

डोळ्यांत घालायच्या औषधामुळे माझ्या छातीत पेसमेकर बसणार होता. सह्या झाल्या होत्या, सकाळी अकराची वेळ मिळाली होती. हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेने. म्हणून लिहायला बसले. "आई, शांतपणे लिही हं," असं माझी मुलगी केतकी म्हणाली. बघते जमतं का.

मी एकसष्ट वर्षांची आहे. तीस वर्षं दिल्लीत एका मंत्रालयात अनुवादक होते. इंग्रजी फायली हिंदीत करायच्या, हे काम. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला. हे फरीदाबादच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, रोज तिथून जा-ये करायचे, म्हणून निवृत्तीनंतर फ्लॅट फरीदाबादलाच घेतला. दुसऱ्यांची क्रियापदं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला आणि मला गोत्यात आणलं ते एका क्रियापदानेच. त्याचा राग मला अजून येतो, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे.

काला मोतिया

चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत तीन-तीनदा पाहिलं.

"काला मोतिया है. प्रेशर ज़्यादा है. ये ड्रॉप सुबह-शाम. ज़िंदगी भर."

काला मोतिया म्हणजे आपला काचबिंदू. माझ्या वडिलांचे डोळे त्यानेच गेले. अमरावतीला शेवटची सहा वर्षं ते खिडकीशी बसून पेपर उघडून धरायचे आणि आई शेजारून वाचून दाखवायची. पान उलटायचं मात्र तेच. कधी कधी आई एका पानावर असायची आणि ते पुढच्या, तरी ती ब्र काढत नसे. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं.

"शुगर? बीपी?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"जी नहीं."

बस्स. हृदयाचं विचारलं नाही, श्वासाचं विचारलं नाही. ते थेंब डोळ्यांत कसे घालायचे हेही सांगितलं नाही. जन्मभराचं औषध दिलं आणि चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ दिला नाही. दाराशी पुढचा पेशंट उभाच होता.

मला नेम साधायचा नाही, थेंब गालावर जायचा. मग ह्यांनी ते काम अंगावर घेतलं. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मी दिवाणावर आडवी आणि हे वर वाकलेले, हातात बाटली. आयुष्यभर यंत्रांना तेल घातलेला माणूस, थेंब कमी पडणं ह्यांना खपायचंच नाही. "एक बाहेर गेला असेल तर?" म्हणून प्रत्येक डोळ्यात दोन घालायचे. केतकी आली की म्हणायची, "बाबा आईच्या डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात." आम्ही हसायचो. डोळ्यांसमोर माझे वडील असायचे, त्यामुळे दोन थेंब मलाही बरेच वाटायचे.

पहिल्याच दिवशी, थेंब घालून उठले आणि जरा वेळाने घशाशी कडू आलं.

"अहो, घशाशी कडवट लागतंय."

"डोळ्यांत घातलेलं घशाशी कसं येईल?" हे म्हणाले. "सकाळी मेथीची भाजी खाल्लीस, त्याचं असेल."

रोज मेथी कुठून येणार? दोन आठवड्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "वो तो होता है. प्रेशर देखिए, कितना अच्छा आ गया!" प्रेशर खरंच चांगलं आलं होतं. मी कडू चवीकडे कानाडोळा केला. आज वाटतं, माझं शरीर दिवसातून दोनदा मला ओरडून सांगत होतं की हे डोळ्यांत थांबत नाहीये, आणि आम्ही तिघं मेथीवर आणि प्रेशरवर बोलत होतो.

सगळ्यांकडे कारणं तयार होती

तिसऱ्या आठवड्यापासून माझी गाडी रुळावरून घसरली. मेट्रोच्या जिन्यावर अर्ध्यात थांबावं लागायचं. कुकर उचलला तरी दम लागायचा. दुपारी झोपून उठले की हातपाय माझे नव्हेतच असं वाटायचं. आणि रडू यायचं. भेंडी चिरताना, फोन ठेवल्यावर, काही कारण नसताना. मी रडणारी बाई नाही. ऑफिसात लोक माझ्यामुळे रडत असत.

नोव्हेंबर होता. दिल्लीत नोव्हेंबरात कुणालाही काहीही झालं तरी कारण शोधावं लागत नाही. कॉलनीतले डॉक्टर खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "हवा देखिए आंटी. सबको है." शेजारच्या मिसेस चढ्ढा म्हणाल्या, विटामिन डी. केतकी गुडगावहून शनिवारी आली, मला पाहिलं आणि म्हणाली, "आई, यू आर डिप्रेस्ड, यार. रिटायरमेंटनंतर होतं. बिल्कुल नॉर्मल आहे. कुणाशी तरी बोल."

"तुझ्याशीच बोलतेय ना," मी म्हणाले.

"माझ्याशी नाही गं, प्रोफेशनलशी."

आणि हे म्हणाले, "मन रमव कशात तरी."

ह्या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मन रमव! बाई आजारी पडली की आधी तिच्या मनाचं बघायचं, नाडी नंतर. मी भांडले, मग भांडायलाही दम पुरेना. तशीच उशीत तोंड खुपसून पडून राहिले. आठ वाजता हे बाटली घेऊन आले आणि मी निमूटपणे चेहरा वर केला.

पुढच्या आठवड्यात लिफ्टसमोर डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्ध आली तेव्हा गार्ड माझ्या तोंडावर पाणी मारत होता आणि मिसेस चढ्ढा माझ्या पिशवीतले टोमॅटो गोळा करत होत्या. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नाडी मोजली, ती अडतीस भरली. मोजणाऱ्या सिस्टरने पुन्हा मोजली. पुन्हा अडतीसच.

दवाई खाती हैं?

आता त्या क्रियापदाकडे येते.

"कोई दवाई खाती हैं?" इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"जी नहीं," मी म्हणाले. आणि खोटं का बोलू, जरा ताठ मानेने म्हणाले. आमच्या वयाच्या बायकांत डबीभर गोळ्या नसलेली मी एकटी. एकही गोळी खात नाही, हा माझा मिरवायचा दागिना होता.

वॉर्डात ज्युनियर डॉक्टर आली. "दवाई कौन-कौन सी खाती हैं?" एकही नाही. हृदयाचे मोठे डॉक्टर आले. "कुछ खाती हैं, बीपी वगैरह का?" काही नाही. पेसमेकरच्या आधी भूल देणारे आले. "कोई दवा चल रही है?" तोपर्यंत "नहीं" माझ्या जिभेवर बसलं होतं.

पहिल्या तिन्ही वेळा मी खरं बोलले. मी काहीच खात नव्हते. डोळ्यांत घालत होते. मराठीतही तसंच आहे: गोळी घेतात, थेंब घालतात. घेतलेलं आपल्या अंगात जातं आणि घातलेलं जिथे घातलं तिथेच राहतं, असं आपण धरून चालतो. तीस वर्षं मी हाताखालच्या लोकांना शिकवत आले की क्रियापद नीट बघा, सगळा अर्थ तिथे असतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मला दिसलं नाही.

कागदावर तरी पकडलं जायला हवं होतं. भरती होतानाचा फॉर्म केतकीने भरला होता. जुन्या आजारांच्या रकान्यात तिने लिहिलं, मोतियाबिंद, म्हणजे आपला मोतीबिंदू. ती दिल्लीत वाढली. घरात आम्ही काचबिंदू म्हणायचो, बाहेर काला मोतिया म्हणायचे, तिने त्यातला 'बिंदू' आणि 'मोतिया' उचलला आणि दोन्हींचं मिळून मोतीबिंदू करून टाकलं. मोतीबिंदू या वयात अर्ध्या कॉलनीला असतो. तो वाचून कुठला डॉक्टर दचकणार? तिला नंतर मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं एकच असतं." तिला हे दोन शब्द वेगळे आहेत हे कोणी शिकवायचं होतं? मीच ना.

मोठे डॉक्टर फार गोड बोलत. "दिल की वायरिंग थक गई है. छोटी-सी मशीन लगा देंगे, एकदम फिट." ह्यांनी सही केली. यंत्र म्हटल्यावर ह्यांना उलट धीर आला. बॅटरी किती वर्षं चालते, बदलताना पुन्हा कापावं लागतं का, हे सगळं विचारून घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले. कातडीखाली धातूची डबी घेऊन जगायचं, मेट्रोच्या तपासणीच्या दारातून जाताना कार्ड दाखवायचं, आंघोळ करताना ती हाताला लागणार. मला नको होतं. नको म्हणायला कारण नव्हतं.

आँख किसकी है?

त्या दिवशी सकाळी आठला हे आले. शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून बाटली. हॉस्पिटलात दोन्ही दिवस आम्ही नेम चुकवला नव्हता. कुणाला सांगायचं सुचलंच नाही. तो आमचा घरचा उद्योग होता, केस विंचरण्यासारखा. मी मान मागे टाकली.

तेवढ्यात हिरवा गाऊन घेऊन सिस्टर लिसी आत आली. चाळिशीची, ठेंगणी, सतत घाईत.

"अंकल, ये क्या डाल रहे हैं?"

"कुछ नहीं सिस्टर," हे म्हणाले. "ये तो आँख का है."

"आँख किसकी है?"

सिस्टरने बाटली ह्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आंटी, आपने बोला कोई दवाई नहीं."

"खाती तो नहीं हूँ," मी म्हणाले.

"ये दिल को धीमा करने वाली दवा है. बीटा ब्लॉकर. आँख से नाक में जाती है, नाक से सीधे खून में. कब से?"

"दो महीने. दो-दो बूँद."

ती गाऊन तिथेच टाकून बाहेर पळाली. ज्युनियर डॉक्टर धावत आली, मग फोनाफोनी. अकराची वेळ रद्द झाली. थेंब बंद झाले. डोळ्यांच्या विभागातून एक मॅडम आल्या आणि दुसऱ्या जातीचं औषध लिहून गेल्या. संध्याकाळी नाडी चव्वेचाळीस, दुसऱ्या दिवशी बावन्न, तिसऱ्या दिवशी चौसष्ट. चौथ्या दिवशी मी जिना चढले आणि वर पोहोचल्यावर मला रडू आलं, पण ते माझं स्वतःचं रडू होतं, त्यामागे कारण होतं.

मोठे डॉक्टर राउंडला आले. "चलो, अच्छा हुआ," म्हणाले. जसं काही पाऊस थांबला! एका सिस्टरने खोलीत यायला पाच मिनिटं उशीर केला असता तर तुम्ही माझी छाती उघडली असती, आणि वर अच्छा हुआ? मी एवढंच म्हणाले, "अच्छा सिस्टर लिसी ने किया." ते हसून पुढच्या बेडकडे गेले.

डोळ्यांच्या पहिल्या डॉक्टरांकडे मी मुद्दाम गेले. ते म्हणाले, "आपने बताया नहीं, दिल की प्रॉब्लम है."

"थी नहीं, डॉक्टर साहब. आपने दी."

त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. मग म्हणाले, "बूँद डालकर कोना दबाती थीं?" कुठला कोपरा? तेव्हा त्यांनी दाखवलं. एकच थेंब. डोळा मिटायचा. नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबून दोन मिनिटं धरायचं, म्हणजे नाकात उतरणारी वाट बंद होते आणि औषध डोळ्यात राहतं. दुसरा थेंब डोळ्यात मावतच नाही, तो उगाच शरीरात जातो. "ये तो सबको पता होता है," ते म्हणाले. दाखवायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट त्यांनी पहिल्या दिवशी का दिलं नाही, हे मी विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

तुम्ही वाचताय म्हणून

मी डॉक्टर नाही. माझं वाचून कुणी काचबिंदूचं औषध आपल्या मनाने बंद केलंत तर माझ्या वडिलांच्या खिडकीशी जाऊन बसाल. तसं करू नका. पण दमा असेल, नाडी मंद असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, विचारलं नाही तरी. नवीन थेंब सुरू झाल्यावर जीव घाबरा झाला, गळून गेल्यासारखं वाटलं, तर हवेवर ढकलू नका. घशाशी चव आली तर ती तुमची कल्पना नाही. आणि दवाखान्यात औषधांचं विचारतील तेव्हा डोळ्यांतलं, नाकातलं, ओढायचं, चोळायचं, सगळं सांगा. बाटलीच नेऊन टेबलावर ठेवा.

मागच्या महिन्यात तपासणीला गेले, तेव्हा काउंटरवर तोच फॉर्म होता. 'क्या आप कोई दवा खाते हैं?' मी पेन काढलं, 'खाते' खोडलं आणि वर लिहिलं, 'खाते, डालते, सूँघते या लगाते'.

"आंटी, फॉर्म ख़राब मत कीजिए," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"वो पहले से ख़राब है, बेटा."

प्रत्येक वेळी खोडणार आहे.

एकच

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगायला जड जातंय.

सिस्टर बाटली घेऊन पळाली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. आणि मी ह्यांना म्हणाले, "तुम्हीच घातलंत हे माझ्यात. दोन-दोन." सगळ्या जगावरचा राग मी त्या एका माणसावर काढला. ज्याने दोन महिने एक वेळ चुकवली नाही, त्याच्यावर. ह्यांनी रिकामं चष्म्याचं घर तेवढं टक करून मिटलं.

घरी आल्यावर ह्यांनी नव्या बाटलीला हात लावला नाही. आठ वाजले की बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालायचे. डिसेंबरात, दोन्ही वेळा! झाडं कुजायला लागली. मी आरशासमोर उभी राहून थेंब घालायचे. एक डोळ्यात, तीन गालावर. नवं औषध रात्री एकदाच, तेवढंही नीट जमेना. जेवताना मीठ हवंय का, वरण हवंय का, एवढंच बोलणं. केतकी फोनवर म्हणाली, "तुम्ही दोघं भांडलाय का?" भांडलो असतो तर बरं झालं असतं.

तीन आठवडे असे गेले. राग माझा ओसरला नव्हता, आजही नाही. चुकलं ते ह्यांचंही चुकलंच, दुसरा थेंब घालायला कुणी सांगितलं नव्हतं. पण आरशात एकदा स्वतःचा ओला गाल पाहिला आणि वाटलं, ह्या रागापायी मी डोळे घालवून बसेन आणि मग मला पेपर कोण वाचून दाखवणार? हेच ना.

आठ वाजता बाल्कनीत गेले. ह्यांच्या हातातला पाण्याचा मग काढून घेतला आणि त्या जागी बाटली ठेवली.

"मला जमणार नाही गं," हे म्हणाले.

"जमवा. एकच घालायचा. मग इथे बोट." मी नाकाशेजारचा कोपरा दाखवला. "एकशे वीसपर्यंत मोजायचं. मोठ्याने."

दिवाणावर आडवी झाले. ह्यांनी बाटली दोनदा वर धरली आणि दोनदा खाली घेतली. पण थेंब बरोबर पडला. मी डोळा मिटला, ह्यांनी बोट ठेवलं, इतकं हलकं की मला सांगावं लागलं, जरा दाबा. एक, दोन, तीन. चाळिसाच्या पुढे आकडे सावकाश यायला लागले. साठाच्या आसपास माझ्या कपाळावर टपकन काहीतरी पडलं, कोमट.

"अहो," डोळे मिटलेलेच ठेवून मी म्हणाले, "एकच म्हटलं होतं ना?"

ह्यांनी बोट उचललं नाही. जरा थांबून एकसष्टपासून पुन्हा मोजायला लागले.